गाव वाढलं, मग दुकान का नाही वाढलं? चाकणच्या एका गाळ्याचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानाची वही कॅमेऱ्यासमोर उघडली. व्हिडिओत सगळे आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करू. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या दुकानात आले. काही घ्यायला नाही. आत नजर फिरवली, शटरची रुंदी पावलांनी मोजली आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "काका, गाळा भाड्याने द्या. महिना पस्तीस हजार देतो. तुम्ही घरी बसून खा."

अण्णा हसले, चहा मागवला, विषय बदलला. पण मी त्या रात्री झोपलो नाही. कारण मी मनातल्या मनात एक वजाबाकी केली होती आणि तिचं उत्तर मला आवडलं नव्हतं. ती वजाबाकी पुढे येईलच. आधी गाव समजून घ्या, नाहीतर आकडे समजणार नाहीत.

आमचं चाकण: बारदानापासून बादलीपर्यंत

पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण. इतिहासवाल्यांना संग्रामदुर्ग आणि फिरंगोजी नरसाळा आठवतील. शेतकऱ्याला आठवेल तो चाकणचा बाजार. कांदा, बटाटा आणि शनिवारचा जनावरांचा बाजार. माझ्या लहानपणी शनिवारी आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

अण्णांनी १९८६ मध्ये मार्केट यार्डाजवळ गाळा घेतला. तेव्हा तो स्वस्तात मिळाला, आणि स्वतःचा घेतला हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं व्यावसायिक शहाणपण. माल काय? बारदान, सुतळी, ताडपत्री, नायलॉनची दोरी, दावी, घमेली, खुरपी. गिऱ्हाईक एकच, शेतकरी. दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं होतं. शेतकरी पिशव्या त्याच्याखाली ठेवून बाजारात जायचे, परत येताना पट्टीचे पैसे हातात असायचे, मागची उधारी थोडी फेडायची, नवीन माल उधार न्यायचा. वहीत नाव आणि गाव, बस्स. फोन नंबर नाही, सही नाही. चेहरा हीच सही.

मग कारखाने आले. एमआयडीसीचं काम आधीच सुरू झालं होतं. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीहून चाकणला आली. महिंद्रा आली, आणि या मोठ्यांच्या मागे सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने आले. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे या गावांत जिथे शेत होतं तिथे खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांच्या घरात गेली होती. २०१५ मध्ये ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली.

बाहेरून बघणारा म्हणेल, वा! गाव वाढलं, लोक वाढले, पैसा वाढला, म्हणजे दुकानदाराची चांदी. मी २०१० मध्ये बीबीए करून दुकानात बसलो तेव्हा मलाही हेच वाटत होतं. आणि त्याच वर्षी अण्णांच्या वहीतली विक्री मागच्या तीन वर्षांपेक्षा कमी निघाली.

का? हाच आजचा पहिला धडा.

धडा १: गाव वाढतं तेव्हा गिऱ्हाईक वाढत नाही, बदलतं

ज्याने जमीन विकली त्याला ताडपत्री लागत नाही. ज्याच्याकडे बैल नाही त्याला दावं लागत नाही. आमचं गिऱ्हाईक मेलं नव्हतं, गाव सोडून गेलं नव्हतं. त्याची गरज संपली होती. रस्त्यावर गर्दी दुप्पट झाली होती, पण त्या गर्दीला आमच्या दुकानात घेण्यासारखं काही दिसत नव्हतं.

उधारीचं काय झालं तेही सांगतो. तेव्हा वहीत जवळपास पावणेदोन लाख अडकले होते. ज्यांची जमीन गेली त्यातले बरेच जण पैसे मिळाल्याबरोबर आधी अण्णांकडे आले आणि उधारी चुकती करून गेले. "तुमचं राहायला नको," एवढंच बोलले. काही जण मात्र आलेच नाहीत. बाजाराचं येणं थांबलं तसं बाकड्यावर बसणंही थांबलं, आणि जिथे बसणं नाही तिथे आठवण करून देणार कोण? अण्णांना त्या पैशांपेक्षा ती माणसं दिसेनाशी झाली याचं जास्त वाईट वाटायचं. मी तेव्हा त्यांना "अण्णा, इमोशनल होऊ नका, बिझनेस आहे," असं म्हणालो होतो. आज असं बोलणार नाही. कारण ती माणसं हेच आमचं मार्केटिंग होतं, आणि ते फुकट होतं.

आता दोरीची गोष्ट.

२०११ च्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी दोन-तीन पोरं यायची. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडची. विचारायची, "भैया, रस्सी है क्या? दस-पंद्रह फुट." अण्णांचं ठरलेलं उत्तर, "सुटी देत नाही, किलोवर मिळेल." पोरं परत जायची. मी गल्ल्यावर बसून हे बघत होतो आणि मला काही कळत नव्हतं. आईला कळलं. ती म्हणाली, "अरे, खोलीत कपडे वाळत घालायला दोरी लागते त्यांना. किलोभर दोरी घेऊन काय गळफास घेतील का?"

हिशोब बघा. तेव्हा दोरी आम्हाला किलोला १४० रुपये पडायची. शेतकऱ्याला १५५ ला विकायचो, म्हणजे किलोमागे १५ रुपये सुटायचे. त्या जाडीच्या एका किलोत साधारण ५५ मीटर दोरी बसते. पाच-पाच मीटरचे ११ तुकडे. एक तुकडा २० रुपयांना विकला तर २२० रुपये. किलोमागे ८० रुपये सुटले. दोरी तीच, दुकान तेच. बदललं फक्त माप.

पुढे आम्ही खोलीचा सेट बांधला. नवीन पोरगा खोलीवर येतो तेव्हा पहिल्या रात्री त्याला काय लागतं? बादली, मग, चटई, झाडू, कुलूप, बल्ब-होल्डर आणि पाच मीटर दोरी. सगळं एका बादलीत भरून ४५० रुपयांना दाराशी ठेवलं. पोरांना दहा दुकानं फिरावी लागत नव्हती आणि आम्हाला एका गिऱ्हाइकामागे सात वस्तू विकता येत होत्या.

आणि मजा बघा. ज्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या पैशातून खोल्या बांधल्या, ते परत आले. ताडपत्रीसाठी नाही, तर एकदम वीस नळ, वीस कुलपं, वीस होल्डर घ्यायला. जुनंच गिऱ्हाईक, फक्त शेतकऱ्याचा घरमालक झालेला. अण्णा त्यांना ओळखत होते, मी नाही. म्हणून सांगतो, घरातल्या जुन्या माणसाला दुकानातून उठवू नका. माल बदला, पण ओळख बदलू नका.

धडा २: वाढलेल्या पैशाचा पहिला घास भाडं खातं

आता माझी चूक. ही चूक मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो, कारण तिची फी मी भरली आहे. तुम्ही परत भरू नका.

खोलीचा सेट चालायला लागला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. २०१४ च्या दसऱ्याला मी हायवेला लागून दुसरं दुकान टाकलं. काचेचा दरवाजा, एलईडी बोर्ड, सगळं झकपक. भाडं महिना २८ हजार, डिपॉझिट दोन लाख. अण्णा म्हणाले, "एवढं भाडं निघेल का?" मी म्हणालो, "अण्णा, समोरून रोज किती गाड्या जातात बघितलंत का?"

अण्णा म्हणाले, "जातात ना. थांबतात का?"

तेव्हा मला हे जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. चौदा महिन्यांनी दुकान बंद केलं तेव्हा कळलं की हा पूर्ण मार्केट रिसर्च होता, दोन शब्दांत.

महिन्याचा हिशोब असा होता:

- विक्री: २,४०,००० रुपये
- सरासरी मार्जिन १४ टक्के: ३३,६००
- भाडं वजा: २८,०००. उरले ५,६००
- एका मुलाचा पगार ९,०००, वीज ३,०००, टेम्पो-हमाली आणि किरकोळ ५,६००. एकूण १७,६००
- महिन्याचा तोटा: १२,०००

चौदा महिन्यांचे १,६८,०००. फर्निचरला १,६०,००० घातले होते, ते ४०,००० ला गेलं. म्हणजे १,२०,००० पाण्यात. आणि करारात २४ महिन्यांचा लॉक-इन होता, जो मी सही करताना वाचलाच नव्हता. दोन लाखांच्या डिपॉझिटमधले ६०,००० परत मिळाले. मालकाने १,४०,००० कापून घेतले. मी वर्षभर त्यांना शिव्या दिल्या. पण कागदावर सही माझी होती. एकूण नुकसान ४,२८,०००.

दुकान का चाललं नाही? तीन कारणं.

पहिलं, गाड्या जात होत्या, थांबत नव्हत्या. तळेगाव चौकाच्या आसपासचं ट्रॅफिक ज्याने बघितलंय त्याला माहीत आहे, तिथे माणूस एकच गोष्ट मागतो, बाहेर पडायला रस्ता. बादली घ्यायला कोण गाडी उभी करणार, आणि कुठे?

दुसरं, माझं गिऱ्हाईक चालत येणारं होतं. ते खोलीपासून दहा मिनिटांच्या आत खरेदी करतं. हायवे ओलांडून येत नाही.

तिसरं, वेळ. मी दुकान दहाला उघडायचो. शिफ्टवाला माणूस सकाळी सहाला जातो, नाहीतर दुपारी तीन-चारला परततो, नाहीतर रात्री अकराला. माझ्या सोयीच्या वेळेत तो झोपलेला असायचा.

हे सूत्र लिहून घ्या आणि कोणताही गाळा बघायला जाण्याआधी वापरा:

भाडं ÷ मार्जिन = फक्त भाड्यासाठी लागणारी विक्री.

माझ्या बाबतीत २८,००० भागिले १४ टक्के, म्हणजे २,००,०००. रोजचे साधारण ६,६७०. माझं सरासरी बिल १६० रुपयांचं होतं. म्हणजे रोज ४२ गिऱ्हाइकं फक्त घरमालकासाठी. त्रेचाळिसाव्यापासून मुलाचा पगार, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी मी. हे गणित पाच मिनिटांचं आहे. मी ते दुकान बंद केल्यावर मांडलं.

आणि कराराबद्दल: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. "आपलाच माणूस आहे" म्हणून साध्या कागदावर काम करू नका. लॉक-इन किती, दर वर्षी भाडं किती टक्के वाढणार, वीज मीटर कोणाच्या नावावर आणि कोणत्या दराचा, दुकान सोडताना डिपॉझिट किती दिवसांत परत, या चार ओळी बोटाने शोधून वाचा. सापडल्या नाहीत तर सही करू नका.

धडा ३: बातमीवर जागा घेऊ नका

चाकण-राजगुरुनगर भागात विमानतळ होणार, ही चर्चा आम्ही कितीतरी वर्षं ऐकली. चहाच्या टपरीवर धावपट्टीची दिशासुद्धा ठरलेली असायची. अण्णांच्या एका मित्राने त्या भरवशावर कर्ज काढून प्लॉट घेतला. लॉज बांधायचं होतं त्यांना. २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला न्यायचं ठरलं. प्लॉट राहिला, कर्ज राहिलं, लॉज नाही. नंतर त्यांनी तो प्लॉट विकला, पण व्याज भरून भरून हातात काही उरलं नाही.

असं प्रत्येक वाढत्या गावात घडतं. कुठे रिंग रोड येणार असतो, कुठे नवी एमआयडीसी, कुठे हायवेचा इंटरचेंज. समृद्धी महामार्गाचंच बघा. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये. रस्ता खरोखर झाला. पण वाहन वर चढलं की थेट पुढे जातं. ज्या गावाच्या बाजूने ते जातं, त्या गावात उतरायचं काही कारण नसेल तर ते उतरत नाही. म्हणजे बातमी खोटी ठरली तरी नुकसान, आणि खरी ठरली तरी तुमचा फायदा होईलच असं नाही.

मग करायचं काय? नगर परिषदेत किंवा नगररचना कार्यालयात जाऊन विकास आराखड्याचा नकाशा बघा. तुम्ही घेताय तो गाळा रस्तारुंदीत येतो का, आरक्षणात येतो का, हे विचारा. गाळ्याची बांधकाम परवानगी मागा. एजंटच्या मोबाइलमधला नकाशा हा नकाशा नाही. आणि अजून सुरू न झालेल्या गोष्टीच्या भरवशावर कर्ज कधीच नाही. ज्या दिवशी गर्दी डोळ्यांनी दिसेल त्या दिवशी महाग जागा घ्या. तरीही ती स्वस्त पडेल.

धडा ४: एका भोंग्यावर दुकान चालवू नका

कारखान्यांचं गाव म्हणजे सगळ्यांचा पगार एकाच वेळी. आमच्याकडे सात ते दहा तारखेच्या दरम्यान गल्ला भरतो आणि वीस तारखेनंतर उधारी सुरू होते. हे ठीक आहे, त्याप्रमाणे माल भरता येतो. पण भोंगाच बंद झाला तर?

२०१९ मध्ये देशभर गाड्यांची विक्री घसरली. कारखान्यांनी कामाचे दिवस कमी केले, आणि सगळ्यात आधी घरी गेली ती कंत्राटी पोरं. खोल्या रिकाम्या झाल्या. त्यातून सावरतोय तोवर २०२० चा मार्च आला. लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतून पाठीवर पिशव्या घेऊन चालत निघालेली पोरं मी बघितली. त्यातल्या काहींच्या हातात आमच्याच दुकानातल्या बादल्या होत्या. एक पोरगा कुलूप परत करायला आला. म्हणाला, "भैया, नया ही है, आधा पैसा दे दो." मी पूर्ण पैसे दिले. ते कुलूप मी विकलं नाही, अजून गल्ल्यात आहे.

तेव्हा आमची सत्तर टक्क्यांहून जास्त विक्री एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाची होती, खोलीवर राहणाऱ्या कामगाराची. त्या वर्षी दुकान वाचवलं ते अण्णांच्या जुन्या शेतकऱ्यांनी. शेती थांबली नव्हती, कांदा काढणीला आला होता, बारदान आणि ताडपत्री लागतच होती. ज्या मालाला मी "डेड स्टॉक" म्हणायचो, त्याने सहा महिने आमच्या घरात भाजी आणली.

तेव्हापासून आमचा नियम: कोणत्याही एका प्रकारच्या गिऱ्हाइकाची विक्री एकूण विक्रीच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायची नाही. आता आमचे तीन गट आहेत. खोलीवरची पोरं, खोल्यांचे मालक आणि शेतकरी. एक बसला तर दोघे उभे असतात.

धडा ५: मोठ्या दुकानाशी किमतीवर भांडू नका

मोठी सुपरमार्केट आली, घरपोच अ‍ॅप आली. साबण, तेल, बिस्किट यांवर ते जो दर देतात तो आम्हाला होलसेलमध्येही मिळत नाही. मी सहा महिने त्यांच्याशी दरात भांडून बघितलं. दमलो. मग त्यांच्या दुकानात जाऊन एक यादी केली: तिथे काय मिळत नाही?

पाच मीटर दोरी मिळत नाही. एक वॉशर मिळत नाही. रात्री साडेअकराला कुलूप मिळत नाही. नळ घेतला तर बसवून देणारा माणूस मिळत नाही. "हा बसला नाही तर उद्या परत आणा," असं म्हणणारं कोणी नाही. आता आमच्या दुकानात याच गोष्टी आहेत. साबण आम्ही जवळजवळ बंदच केला. ज्या वस्तूची किंमत गिऱ्हाइकाला पाठ असते, ती मोठ्यांना विकू द्या. ज्या वस्तूसोबत सल्ला, माप किंवा घाई असते, ती तुम्ही विका.

आता ती वजाबाकी

पस्तीस हजारांच्या त्या रात्री मी काय मांडलं ते बघा.

- महिन्याची विक्री ४,२०,०००, मार्जिन २० टक्के: ८४,०००
- मदतनीस, वीज-फोन, टेम्पो-हमाली, तूट-फूट: ३२,०००
- उरले: ५२,०००

आम्ही याला नफा म्हणत होतो. पण गाळा भाड्याने दिला असता तर काहीही न करता ३५,००० येत होते. म्हणजे धंद्याची कमाई ५२,००० नाही, १७,०००. शिवाय दुकानात ९ लाखांचा माल होता. तेवढे पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर महिन्याला ५,२५० मिळाले असते. तेही वजा करा.

उरले ११,७५०. मी आणि आई, दोन माणसं, दिवसाचे चौदा तास. दोघांची मिळून मजुरी महिना ११,७५०! आमचा मदतनीस आमच्यापेक्षा जास्त कमावत होता.

मंडळी, गाव वाढतं तेव्हा नेमकं हेच होतं. एक दिवस आपली जागा आपल्या धंद्यापेक्षा महाग होते. स्वतःच्या गाळ्यातले दुकानदार हे कधी मांडत नाहीत, कारण भाडं खिशातून जात नाही. वर्षानुवर्षं आपण समजतो की दुकान आपल्याला पोसतंय. खरं तर जागा दुकानाला पोसत असते.

सकाळी मी कागद अण्णांपुढे ठेवला. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "यात ताडपत्रीची थप्पी किती जागा खाते?"

मोजली. बारदान, ताडपत्री, दोरीची बंडलं मिळून तीनशे चौरस फुटांतली शंभरहून जास्त चौरस फूट जागा. तो माल रोज विकला जात नव्हता. शेतकरी फोन करून विचारतो, मग येतो. मग त्याला बाजारातली महागडी जागा कशाला?

आम्ही तो माल घराच्या पडवीत नेला. शेतकऱ्यांना फोन नंबर दिला. अण्णा घरी बसून ऑर्डर घेतात आणि माल देतात. मोकळी झालेली पुढची १२० चौरस फूट जागा नोंदणीकृत करार करून मोबाइल दुरुस्तीवाल्याला महिना १८,००० ने दिली. त्याच्याकडे येणारी पोरं आमचीच गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे त्याचाही फायदा, आमचाही.

आजचा हिशोब:

- विक्री ३,८०,००० पर्यंत उतरली, पण मार्जिन २२ टक्के झालं: ८३,६००
- खर्च ३२,००० वजा: ५१,६००
- आमच्याकडे उरलेल्या जागेचं धरलेलं भाडं १७,००० वजा: ३४,६००
- माल साडेसहा लाखांवर आणला, त्याचं व्याज साधारण ३,८०० वजा
- धंद्याची खरी कमाई: ३०,८००

अकरा हजार सातशे पन्नासवरून तीस हजार आठशे. विक्री कमी होऊन! शिवाय १८,००० भाडं वेगळं. फार मोठी रक्कम नाही, मला माहीत आहे. पण आता मला कोणी पस्तीस हजारांची ऑफर दिली तर रात्री झोप लागते, कारण नाही म्हणायचं कारण माझ्या वहीत आहे.

आणि तुमच्या वहीत ते कारण नसेल तर? तर गाळा भाड्याने द्या. खरंच सांगतोय. त्यात हार नाही. आमच्या ओळीतल्या दोघांनी दिला आणि बाजूच्या स्वस्त गल्लीत छोटं दुकान टाकलं. बरं चाललंय त्यांचं. फक्त निर्णय रागाने किंवा अभिमानाने घेऊ नका.

तुमचा गृहपाठ: सात दिवसांची वही

१. सात दिवस प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तीन गोष्टी लिहा: वेळ, चालत आला की गाडीवर, कुठे राहतो. धंदा सुरू करायचा असेल तर ज्या गाळ्यावर डोळा आहे त्याच्यासमोर उभं राहून हेच मोजा. जाणारे मोजू नका, थांबणारे मोजा.

२. एक पान "नाही" चं ठेवा. गिऱ्हाइकाने जे मागितलं आणि तुमच्याकडे नव्हतं ते लिहा. पुढच्या महिन्याचा माल या पानातून ठरतो.

३. भाडं भागिले मार्जिन करा, त्याला सरासरी बिलाने आणि तीस दिवसांनी भागा. रोजची किती गिऱ्हाइकं फक्त भाड्यासाठी लागतात ते मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

४. गाळा स्वतःचा असेल तर आजच्या बाजारभावाने त्याचं भाडं धरा, मालाचं व्याज धरा आणि घरातल्या माणसांची मजुरी काढा. आकडा वाईट आला तर घाबरू नका, आमचाही आला होता.

५. विक्रीचे गट पाडा. एकाच गटाची विक्री निम्म्याच्या वर असेल तर दुसरा गट शोधायला आजपासून लागा.

अण्णा आता पंच्याहत्तरीला आलेत. शनिवारी अजून बाजारात चक्कर मारतात. परवा एक म्हातारे शेतकरी घरी आले, दोन ताडपत्र्या घेतल्या आणि खिशातून चारशे रुपये जास्तीचे काढले. म्हणाले, "मागचे राहिले होते, पोराच्या लग्नाच्या वर्षातले." अण्णांनी जुनी वही काढली, नाव शोधलं, काट मारली. मी विचारलं, "व्याज?" अण्णा म्हणाले, "ते आले ना."

हे मी कोणत्याही सूत्रात बसवू शकलेलो नाही. पण वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्या गावात काय बदललं, आणि तुमच्या "नाही" च्या पानावर पहिल्या दिवशी काय आलं, ते मला कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली पाच पानं घेऊन आपण माल भरण्याचं गणित करू. तोपर्यंत वही उघडी ठेवा.

भेटू लवकरच!